काकांच्या साडूंना जागा नाही

मशीन आलं तेव्हा सगळ्या ऑफिसाने त्याचं कौतुक केलं, पण ते नेमकं करतं काय हे कोणालाच कळलं नाही. टेबल व्यापून टाकणारा पांढरा पडदा, खाली फ्रिजसारखी घरघरणारी डिस्क, आणि एका चकचकीत धातूच्या पाटीवरच चालणारा माउस. पाटीवरून जरा खाली उतरला की माउस रुसलाच. मेमरी चार मेगाबाइट. विकणाऱ्या माणसाने तो आकडा असा काही सांगितला होता की ऐकणाऱ्याला वाटावं, आता सात पिढ्यांना पुरेल. प्रत्यक्षात त्यातली निम्मी पडद्यावरच्या खिडक्या रंगवण्यातच उडून जायची आणि उरलेल्या निम्म्यात तर्कबाईला संसार करावा लागायचा.

तर्कबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते पक्कडचं देणं. पक्कड म्हणजे ऑफिसातली यंत्रं दुरुस्त करणारा. शर्टाच्या खिशात पेन असावं तशी पक्कड बाळगायचा, म्हणून तोही पक्कडच झाला. तर्कबाई या मशीनवर तर्काची भाषा चालवत होती. इतर भाषांत मशीनला हुकूम सोडावे लागतात, आधी हे कर, मग ते कर. या भाषेत हुकूम नाहीतच. आपल्याला खरं काय माहीत आहे ते सांगायचं, दोन-चार नियम सांगायचे आणि सरळ प्रश्न विचारायचा. उत्तर शोधायची कटकट मशीनची. तर्कबाईला ही भाषा जिवापाड आवडायची, कारण घरी आणि ऑफिसात मिळून ऐकून घेणारं हे एकच होतं.

आता या मशीनवर दुसऱ्या कोणाचा डोळा नसता तर गोष्ट इथेच संपली असती. पण खालच्या मजल्यावर नकाशा विभाग होता आणि त्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे नकाशेसाहेब म्हणत, ते मशीन आल्या दिवसापासून मागत होते. एवढा मोठा पडदा नकाशांसाठी नाही तर कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर म्हणण्यात तथ्य होतं. शेवटी मोठ्या साहेबांनी निकाल दिला. शुक्रवारी तर्कबाईने मशीन चालवून दाखवावं. "मला कळेल असं काहीतरी दाखवा. आणि मध्येच बंद पडता कामा नये. बंद पडलं तर मशीन खाली जाईल."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण नकाशेसाहेब हे तर्कबाईचे सख्खे काका होते.

ही गोष्ट ऑफिसात कोणाला माहीत नव्हती. आडनाव एकच होतं, पण त्या आडनावाची आणखी तीन माणसं ऑफिसात होती, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. आणि सांगणार तरी काय? तर्कबाईचे बाबा आणि काका एकमेकांशी सात-आठ वर्षं बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. बुद्धिबळ खेळताना बाबांनी घोड्याला हात लावला आणि चाल केली उंटाची. काका म्हणाले, हात लावलास तो घोडाच चालवायचा. बाबा म्हणाले, मी चाल केली नाही, घोडा वाकडा होता तो सरळ केला. काका म्हणाले, घोडा सरळच होता. एवढ्यावरून दोन शहाणीसुरती माणसं जी ताठली ती ताठलीच. मग एकाने घर बदललं, एकाने फोन नंबर बदलला. तर्कबाई नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी जिन्यात काका समोर आले. दोघंही दचकली, आणि काकांनी "नमस्कार, मॅडम," म्हणून प्रश्नच मिटवला. तेव्हापासून ते तिला मॅडम म्हणायचे आणि ती त्यांना सर.

मोठ्या साहेबांना कळेल असं काय दाखवावं, यावर तिने खूप डोकं खाजवलं. मग ठरवलं, नातीगोती. नात्यांत नियम आयते तयार असतात आणि नातं कोणाला कळत नाही? घरचीच माणसं घेतली. रात्रीचं जेवण व्हायच्या आत आईकडून आजोळची आणि बाबांकडची सगळी मंडळी विचारून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मशीनला सांगायला बसली. आजोबांना मुली तीन. थोरल्या मावशीचा नवरा अमुक, धाकटीचा तमुक. मशीनला आपली लिपी येत नव्हती, तेव्हा सगळं रोमन अक्षरांत. मावशी म्हणजे आईची बहीण, आत्या म्हणजे बाबांची बहीण, असे नियमही भराभर झाले.

घोडं अडलं ते साडूपाशी. तिने नियम लिहिला की एकजण दुसऱ्याचा साडू असेल तर दुसराही पहिल्याचा साडू. यात खोटं काय आहे? जगातल्या कुठल्याही साडूला विचारा. तिने मशीनला विचारलं, थोरल्या मावशीचे यजमान बाबांचे साडू लागतात का? मशीन म्हणालं, बाबा त्यांचे साडू असतील तर लागतात. मग बाबा त्यांचे साडू आहेत का? ते बाबांचे असतील तर. मग ते बाबांचे आहेत का? अशी आपली आपल्यालाच विचारपूस करत मशीन बसलं. प्रत्येक प्रश्न लक्षात ठेवायला थोडी मेमरी लागत गेली. डिस्क दात-ओठ खाऊ लागली, माउसचा बाण गोठला आणि शेवटी पडद्यावर एक ओळ आली: मेमरी संपली.

"काय विचारलंत एवढं?" पक्कड धावत आला.

"साडू."

"मग बरोबर आहे," पक्कड म्हणाला. "माझ्या साडूचं नाव काढलं की माझंही असंच होतं."

तिने कपाळाला हात लावला. नियम शंभर टक्के खरा होता आणि तरी मशीनचा जीव गेला होता. सत्य सांगून भागत नाही, ते कोणत्या बाजूने सांगायचं हेही बघावं लागतं, हे तिला त्या दिवशी पटलं. मग तिने नियम उलगडून लिहिला: ज्यांच्या बायका एका आईच्या मुली, ते साडू. आता मशीन आजीपासून सुरुवात करून खाली उतरायचं आणि तळाला पोहोचलं की थांबायचं. मध्येच कधी थबकून आपल्या मेमरीची झाडलोट करायचं, तेवढा वेळ पडदा मख्ख. पण उत्तर यायचं.

फक्त काकांची शाखा घातली की यायचं नाही.

काका एकटे असते तर मावले असते. काकूही मावली असती, चार चुलत भावंडंही. पण काकूला सहा बहिणी होत्या. सहा बहिणी, त्यांचे नवरे, त्यांची पोरंबाळं, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडून बघता बघता मशीनच्या तोंडाला फेस यायचा. तर्कबाईने नियम आवळले, नावं आखूड केली, पडद्यावरच्या खिडक्या बंद केल्या. तरी तेच.

"माणसं कमी करा," पक्कड म्हणाला. "शुक्रवार झाला की पुन्हा घाला. साहेबांना काय माहीत तुम्हाला काका किती?"

तिने काकांची शाखा उचलली आणि डिस्कवर एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दिली. मशीन एकदम तुरुतुरु चालायला लागलं. जागेसाठी केलं, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंच होतं. पण फाइल बाजूला काढताना तिला जरा बरंही वाटलं होतं, कारण माझं मशीन न्यायला निघालेल्या माणसाला मीच का सांभाळून घेऊ, असा राग तिच्या मनात होताच.

शुक्रवारी मंडळी जमली. मोठे साहेब पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांच्या बाजूला नकाशेसाहेब हाताची घडी घालून उभे, आणि दाराशी पक्कड, खिशावर हात ठेवून. तर्कबाईने साहेबांना समजावून सांगितलं की मशीनमध्ये तिचं घर आहे आणि त्यांनी काहीही विचारावं.

साहेबांनी आधी भीतभीत विचारलं. मॅडमना मावश्या किती? दोन नावं पडद्यावर आली. मामा? मशीन म्हणालं, नाही. आणि खरंच नव्हता. वडिलांना साडू किती? मशीनने क्षणभर झाडलोट केली, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि दोन साडू एकाखाली एक हजर झाले. साहेबांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा! हे तर आमच्या बायकोसारखं आहे. सगळं पाठ!"

साहेब आता रंगात आले. "बरं, वडिलांना भाऊ?"

तर्कबाईची बोटं कळफलकावर थांबली. पण न विचारून चालणार नव्हतं. तिने विचारलं. त्या दिवसातलं सगळ्यात झटपट उत्तर आलं: नाही.

तिने मान वर केली नाही, तरी तिला दिसलं. नकाशेसाहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, घातला, आणि पुन्हा काढून पुसला.

"छान," मोठे साहेब म्हणाले. "कुठे अडलं नाही, बंद पडलं नाही. काय नकाशेसाहेब, पटलं?"

"चालतंय तर छानच," नकाशेसाहेब म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "उत्तरं बरोबर आहेत का, तेवढं मॅडमना विचारा."

"बरोबर आहेत ना, मॅडम?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की मशीन तिचं. खोलीत खरं उत्तर माहीत असलेली तिच्याशिवाय दोनच माणसं होती, पक्कड आणि काका, आणि दोघंही तोंड उघडणार नाहीत, याची तिला पक्की खात्री होती. बुद्धिबळाच्या पटासमोर बसल्यासारखे काका तिच्याकडे बघत होते.

"शेवटचं चूक आहे," तर्कबाई म्हणाली. "मला एक काका आहेत."

दाराशी पक्कडने डोळे मिटून घेतले.

"मग हे 'नाही' का म्हणतंय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मी त्याला सांगितलं नव्हतं, सर. जे सांगितलं नाही ते याच्या लेखी नसतंच."

"माहीत नाही, असं म्हणायला काय हरकत आहे?" हे नकाशेसाहेब बोलले, आणि जरा चढ्या आवाजात.

"तसं म्हणता येत नाही याला," ती म्हणाली. "याला हो आणि नाही, दोनच येतात."

"मग सांगा की त्याला!" मोठ्या साहेबांना काही आगापिछा माहीत नव्हता, त्यांना खेळ पुढे न्यायचा होता. "घाला काकांना. आणि हां, त्यांचे साडू विचारा. साडूचं उत्तर फार झकास देतं हे."

आता काय होणार हे तिला माहीत होतं. तिने फाइल उघडली. डिस्क कुरकुरली आणि काका आत आले, पाठोपाठ काकू, पाठोपाठ काकूच्या सहाही बहिणी सहकुटुंब. तिने प्रश्न टाइप केला. पहिला साडू आला. जरा वेळाने दुसरा. मग झाडलोट. मग तिसरा, फार वेळाने चौथा. नकाशेसाहेब पुढे वाकून वाचत होते. मग डिस्कने दात-ओठ खाल्ले, बाण गोठला, आणि ती ओळ आली.

मोठ्या साहेबांना मनापासून वाईट वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते शब्दाचे पक्के होते.

"ठरलं होतं, मॅडम. मशीन नकाशा विभागात जाईल." मग त्यांना आठवलं. "पण हे चालवणार कोण? तुमच्याशिवाय कोणाला येत नाही. असं करा, मशीनबरोबर तुम्हीही खाली जा. नकाशेसाहेब, माणूसही तुम्हाला देऊन टाकला. झालं समाधान?"

नकाशेसाहेबांचं याहून समाधान काय होणार? मशीन मिळालं आणि ते चालवणारं माणूसही मिळालं. तर्कबाईच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती कळफलक पुसत बसली. मशीन हातचं गेलं नाही, एवढाच काय तो दिलासा. पण बाबांना काय सांगायचं? आजपासून मी काकांच्या हाताखाली?

"नियमाप्रमाणे एक विचारून ठेवतो," मोठे साहेब उठता उठता म्हणाले. "एका विभागात नात्यातली माणसं चालत नाहीत. आडनाव एकच आहे तुमचं. नात्यात नाही ना तुम्ही?"

तर्कबाई मघाशी खरं बोलून तोंडघशी पडली होती. पुन्हा तोच शहाणपणा करायची तिची तयारी नव्हती. मशीनपासून तुटण्यापेक्षा काकांचं राज्य परवडलं. सगळ्यांसमोर 'नमस्कार मॅडम' म्हणणारा माणूस तरी कुठे काही बोलणार होता? तिने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

"आहोत," नकाशेसाहेब म्हणाले. "सख्खी पुतणी आहे ती माझी."

मोठे साहेब पुन्हा खाली बसले. त्यांनी पडद्यावरच्या चार साडूंकडे बघितलं, मग नकाशेसाहेबांकडे. "म्हणजे हे..."

"हो. माझेच."

"मग या तुमच्या विभागात येऊ शकत नाहीत."

"नाही."

"मग खाली मशीन कोण चालवणार? तुम्हाला येतं?"

"नाही."

"तुमच्या विभागात कोणाला येतं?"

"नाही."

"मग मशीन खाली नेऊन करायचं काय?" मोठे साहेब वैतागले. "म्हणजे तुमचं म्हणणं, मशीन इथेच ठेवावं?"

"माझं काहीच म्हणणं नाही," नकाशेसाहेब म्हणाले. "मला ते हवंच आहे. नियमाचं म्हणणं आहे ते."

मोठे साहेब हात टेकून निघून गेले. पक्कडने तर्कबाईला डोळे मोठे करून दाखवले आणि तोही सटकला. कधी कुठून सटकायचं हे त्याला बरोबर कळायचं. मशीन पुन्हा सुरू होत होतं. त्याला बराच वेळ लागायचा, आपली डिस्क ते नीट चाचपून बघायचं.

"का गं," काका म्हणाले. 'मॅडम' कुठल्या कुठे गेलं होतं. "मला पुसलं होतंस?"

"नाही काका. डिस्कवर बाजूला ठेवलं होतं."

"तेच म्हटलं. एवढ्या झटपट माझ्या सहा मेव्हण्या कुठून टाइप केल्यास!" त्यांनी चष्मा पुन्हा एकदा पुसला. "बाजूला ठेवायला त्याने सांगितलं?"

'त्याने' म्हणजे कोणी, हे विचारायची गरज नव्हती. "बाबांना यातलं काहीच माहीत नाही. जागा नव्हती म्हणून काढलं. आणि तुम्ही माझं मशीन मागत होतात, त्याचा रागही होता."

"मग ठीक आहे. रागाचं मला काही वाटत नाही. आपल्या घरात तो सगळ्यांनाच आहे." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "पाचवा साडू आला नाही ते बरंच झालं. त्याच्याशीही माझं बोलणं नाही."

घरी आल्यावर तर्कबाईने चप्पल काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. सुरुवातीला त्यांनी ऐकत नसल्यासारखं केलं, मग ते जमेना.

"सगळ्यांसमोर म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांसमोर. सख्खी पुतणी म्हणाले."

"आणि मशीन त्याला हवं होतं?"

"फार हवं होतं, बाबा. आल्या दिवसापासून मागत होते. गप्प बसले असते तर मिळालंच होतं."

बाबा उठले, शर्ट बदलला, केस विंचरले आणि दाराशी जाऊन चपला घालू लागले.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"जरा त्याच्याकडे जाऊन येतो. माझ्यासाठी जेवायला थांबू नका."

ते गेले. तर्कबाईला रडू येतंय की हसू, हे तिचं तिलाच कळेना. तेवढ्यात फाटक पुन्हा वाजलं आणि बाबा दारात उभे राहिले, चेहरा पडलेला.

"अगं," ते तर्कबाईला म्हणाले, "तो हल्ली राहतो कुठे?"

रोज एका इमारतीत काम करूनही तर्कबाईने काकांना ते कधी विचारलं नव्हतं.

"दवाखान्यामागची पिवळी इमारत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल चालत नाही, कडी वाजवा. आणि कालपासून नळाला पाणी नाही त्यांच्याकडे, तेव्हा डबा घेऊन जा, मी भरते."

बाबा आईकडे बघतच राहिले. "तुला हे सगळं कसं माहीत?"

"आम्ही जावा दर गुरुवारी भेटतो," आई डबा पुसत म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंत?"